काच पुसू नका, श्वास वळवा

पावसाळ्यात हेल्मेटच्या काचेला आतून वाफ धरली की बहुतेक दुचाकीस्वार काच थेट वर सरकवतात. मग पावसाचे थेंब सरळ डोळ्यांत घुसतात, पुढच्या ट्रकने उडवलेलं चिखलपाणी तोंडावर येतं आणि डोळे किलकिले करून रस्ता शोधावा लागतो. काही जण डावा हात हँडलवरून काढतात, बोटं काचेच्या आत घालतात आणि पुसायला बघतात. त्याने चार बोटांचा पट्टा मोकळा होतो आणि पुढचे दोन श्वास सोडेपर्यंत पुन्हा धुरकटतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर अंतर कापते. पुसापुशीत दोन सेकंद गेले, तर २८ मीटर रस्ता एका हाताने आणि अर्ध्या नजरेने पार झालेला असतो. पाण्याने भरलेला खड्डा किंवा मध्येच थांबलेली रिक्षा तेवढ्या अंतरात कुठेही असू शकते. तरीही विकणाऱ्यापासून वापरणाऱ्यापर्यंत सगळे जण या वाफेकडे पावसाळ्यातली किरकोळ गैरसोय म्हणून बघतात. माझ्या मते ती सरळसरळ सुरक्षिततेची बाब आहे, आणि तिच्यावरचा इलाज आपण भलत्याच टोकाकडून शोधत आलो आहोत. काचेला काय लावावं, हे आपण एकमेकांना विचारतो. हेल्मेटमधला श्वास बाहेर कुठून पडतो, हे क्वचितच कुणी विचारतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांतली ५०,०२९ माणसं हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार किंवा त्यांच्या मागे बसलेले लोक होते. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेनच्या २००८ मधल्या अहवालात म्हटलं आहे. हे माहीत असूनही लोक हेल्मेट टाळतात तेव्हा जी कारणं सांगतात, त्यांत ‘गरम होतं’ आणि ‘पावसात काही दिसत नाही’ ही दोन हमखास असतात. दुसरं कारण खोटं नाही. न दिसणाऱ्या काचेमागून गाडी चालवणं धोक्याचंच आहे. पण काच उघडी टाकून चालवणंही तसंच आहे, आणि त्याला जुना पुरावा आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. अपघात झालेल्यांपैकी ७३ टक्के स्वारांच्या डोळ्यांवर कसलंही आवरण नव्हतं, आणि उघड्या डोळ्यांवर बसणाऱ्या वाऱ्यामुळे समोरचा धोका त्यांना उशिरा दिसला असावा, असं त्यात नोंदवलं आहे. तेव्हा काच खाली हवी आणि ती स्वच्छही हवी. या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, मात्र त्यासाठी वाफ होते कशी हे आधी नीट समजून घ्यायला लागतं.

आपण नाकातोंडाने सोडतो ती हवा सुमारे ३४ अंश सेल्सिअस तापमानाची असते आणि तिच्यात बाष्प जवळजवळ ठासून भरलेलं असतं. अशा एक घनमीटर हवेत साधारण ३७ ग्रॅम पाणी असतं. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आतबाहेर करतो. म्हणजे दर मिनिटाला पाव ग्रॅम आणि तासाभरात पंधरा ग्रॅमच्या आसपास, चहाचे तीन चमचे भरतील एवढं पाणी आपण नुसत्या श्वासावाटे बाहेर टाकतो. गर्दीत गाडी रेटताना श्वास वाढतो, तसं हे पाणीही वाढतं. हवा जितकी थंड, तितकं तिच्यात कमी बाष्प मावतं. २५ अंशांच्या हवेत घनमीटरमागे २३ ग्रॅमच मावतं, २० अंशांना १७ आणि १० अंशांना जेमतेम साडेनऊ. हेल्मेटची काच असते पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची, जाडीला दोनेक मिलिमीटर. बाहेरून वारा आणि पाऊस तिला सतत थंड करतात. उबदार श्वास तिला टेकला की तिच्यालगतच्या हवेच्या पातळ थराला आपल्यातलं बाष्प सांभाळता येत नाही आणि जास्तीचं पाणी काचेवर उतरतं. उन्हाळ्यात थंडगार पाण्याचा पेला बाहेरून ओला होतो, तोच हा प्रकार.

उतरलेलं पाणी वजनाने नगण्य असतं. सगळी काच धुरकट व्हायला ग्रॅमचा एक छोटासा अंश पुरतो. मग एवढ्याशा पाण्याने काहीच का दिसेनासं होतं? याचं उत्तर पाण्याच्या आकारात आहे. साध्या पॉलिकार्बोनेटवर पाणी पसरत नाही, त्याचे हजारो बारीक फुगीर थेंब होतात आणि प्रत्येक थेंब आपल्यावर पडलेला प्रकाश वेगळ्या दिशेला वळवतो. दिवसा त्यामुळे सगळं पांढुरकं दिसतं. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा काचभर पसरतो आणि त्या उजेडाच्या गोळ्यात रस्त्याची कड, पायी चालणारा माणूस, गतिरोधक असं सगळं बुडून जातं. तेच पाणी थेंब न होता सलग पापुद्र्यासारखं पसरलं तर काच पारदर्शक राहते. ‘अँटी-फॉग’ म्हणून बाटलीतून किंवा फवाऱ्यातून जे काही विकलं जातं, त्यातल्या बहुतेकांचा आधार हाच आहे. ते पाणी अडवत नाही, त्याला फक्त सपाट पसरायला लावतं.

यातून वाफेवरचे मार्ग आपोआप दिसतात. काचेपर्यंत कमी बाष्प पोचू द्यायचं, काचेची आतली बाजू थंड पडू द्यायची नाही, किंवा जे पाणी उतरेल त्याचे थेंब होऊ द्यायचे नाहीत. बाजार या तिसऱ्या मार्गावर उभा आहे, कारण बाटली विकायला सोपी असते. पण तिसरा मार्ग बाकीचे दोन हरल्यावर कामाला येतो. मिनिटाला पाव ग्रॅम पाणी काचेकडे येतच राहिलं, तर कुठलाही लेप कधी ना कधी धुऊन जाणार किंवा त्याच्यावर पाण्याचे ओघळ येणार, आणि ओघळांतूनही रस्ता वाकडातिकडाच दिसतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी श्वास, मग काचेचं तापमान आणि शेवटी लेप.

यावर पहिली शंका अशी घेतली जाते, की पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी दमट असते की ती आत घेऊन काय साधणार? शंका रास्त वाटते, पण हिशेब वेगळं सांगतो. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात भर पावसात हवा २२ अंशांची आहे आणि तिच्यात बाष्प पूर्ण भरलेलं आहे असं धरू. तरी त्या हवेत घनमीटरमागे सुमारे साडेएकोणीस ग्रॅमच पाणी असतं, आणि श्वासात ३७. शंभर टक्के आर्द्रतेची घाटातली हवासुद्धा आपल्या श्वासाच्या मानाने निम्मीच ओली असते. आता काचेची आतली बाजू २५ अंशांवर आहे असं धरा. तिथे २३ ग्रॅमपर्यंत बाष्प वाफ न धरता टिकू शकतं. बाहेरची हवा आणि श्वास यांचं मिश्रण २३ ग्रॅमच्या आत ठेवायचं असेल, तर चार भाग बाहेरची हवा आणि एक भाग श्वास एवढं प्रमाण लागतं. म्हणजे काचेसमोरच्या हवेत श्वासाचा हिस्सा पाचातून एकापेक्षा जास्त झाला की धुरकटायला सुरुवात. नाशिकच्या थंडीत, १० अंशांच्या कोरड्या हवेत आणि १४ अंशांवर आलेल्या काचेसाठी हिशेब केला तरी उत्तर जवळपास हेच येतं, कारण तिथे काच थंड असली तरी बाहेरच्या हवेत पाणी फार कमी असतं. दोन अगदी वेगळे ऋतू, आणि दोन्हीकडे निकाल लागतो तो श्वासाच्या वाट्यावर.

मग हा वाटा कमी कसा ठेवायचा? चांगल्या फुल-फेस हेल्मेटला हनुवटीसमोर हवेची खिडकी असते, कपाळावर एकदोन असतात आणि मागच्या बाजूला हवा बाहेर पडायला छिद्रं असतात. हनुवटीच्या खिडकीतून आलेला झोत काचेच्या आतल्या बाजूने वर चढावा, श्वासाला ढकलून मागे न्यावा, अशी ती रचना असते. पावसात पाणी शिरेल म्हणून लोक नेमकी हीच खिडकी बंद करतात. तिच्यातून आलेले दोनचार थेंब हनुवटीवर पडतात, ती बंद केल्यामुळे साचणारी वाफ मात्र डोळ्यांसमोर येते. पावसात ही खिडकी उघडीच ठेवावी. मागची छिद्रं मळाने, केसांनी किंवा हौसेने लावलेल्या स्टिकरने बुजली असतील तर पुढून आलेल्या हवेला बाहेर पडायला जागा उरत नाही, म्हणून तीही मोकळी हवीत.

इथे आपल्या शहरांतली एक अडचण मात्र मान्य करायला हवी. खिडकीतून आत येणारा झोत वाऱ्याच्या दाबावर अवलंबून असतो आणि तो दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी ६० च्या वेगाला जो दाब असतो, त्याचा नववा हिस्साच ताशी २० ला मिळतो. सिग्नलला उभं राहिलं की तो शून्य. मोकळ्या महामार्गावर धावणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या खिडक्या पुण्याच्या कर्वे रस्त्यावर किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत जवळजवळ निकामी असतात. म्हणून शहरात सवय वेगळी लावून घ्यावी लागते. सिग्नलला थांबलं की काच पूर्ण वर, गाडी हलली की पहिल्या खाचेपर्यंत खाली, वेग वाढला की पूर्ण बंद. बहुतेक हेल्मेटांना ही पहिली खाच असते, तिथे काच खालून काही मिलिमीटर उघडी राहते. एवढ्याशा फटीतून पाऊस फारसा येत नाही, पण साचलेला श्वास निघून जातो. काच सताड उघडी टाकणं आणि खाचेवर ठेवणं यांत खूप फरक आहे. हालचाल वाफ दिसण्याआधी करायची असते, कारण आलेली वाफ घालवण्यापेक्षा ती येऊ न देणं फार सोपं असतं.

त्याहूनही परिणामकारक आहे तो नाकाजवळ बसवायचा छोटासा रबरी किंवा प्लास्टिकचा पडदा. ब्रेथ डिफ्लेक्टर या नावाने तो मिळतो, काही हेल्मेटांसोबत येतोही, आणि बरेच लोक तो ‘नाकाला टोचतो’ म्हणून पहिल्याच दिवशी काढून टाकतात. नाकातून निघालेला श्वास वर काचेकडे जाऊ न देता खाली हनुवटीकडे वळवणं एवढंच त्याचं काम, आणि कमी वेगातही तो ते करतो, कारण त्याला वाऱ्याची गरज नाही. तो नाकाच्या दांड्यावर नीट बसायला हवा. दोन बाजूंना फट राहिली तर श्वास तिथून वर येतो. आपल्याकडे स्त्रिया तोंडाभोवती स्कार्फ किंवा ओढणी घट्ट गुंडाळून वर हेल्मेट चढवतात, थंडीत पुरुष माकडटोपी घालतात. या कापडाने समोरची वाट बंद होते आणि श्वास नाकाच्या दोन्ही कडांनी वर, थेट काचेवर जातो. कोविडच्या काळात मास्क लावल्यावर चष्म्यावर वाफ यायची, ती याच वाटेने. कापड हवंच असेल तर ते नाकाच्या खाली ठेवावं, नाहीतर नाकाच्या दांड्यावर घट्ट दाबून बसेल असं घ्यावं. हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा थंडीत उबेला बरा असतो, पण तो श्वासाची खालची वाटही बंद करतो, त्यामुळे पावसाळ्यात काढून ठेवलेला बरा. आणि वाफ धरू लागलीच, तर नाकाने श्वास घेऊन खालचा ओठ किंचित आत घेत तोंडाने खाली फुंकर घातल्यासारखा सोडावा. हा उपाय फुकट आहे आणि कुठल्याही सिग्नलला करता येतो.

पाणी फक्त श्वासातून येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. भिजलेलं अस्तर तासन्‌तास बाष्प सोडत राहतं. ऑफिसखाली गाडीच्या आरशावर उलटं टांगलेलं हेल्मेट पावसात भरतं, संध्याकाळी तेच डोक्यावर चढतं आणि मग दोन मिनिटांत काच पांढरी होते. त्याचा दोष काचेवर जातो. हेल्मेट आत न्यावं, रात्री काच आणि खिडक्या उघड्या ठेवून पंख्याखाली सुकवावं, आणि अस्तर निघत असेल तर ते अधूनमधून धुवावं.

आता दुसरा आक्षेप. हनुवटी उघडी असलेलं हाफ-फेस हेल्मेट घ्यावं, श्वास आपोआप मोकळा, वाफेचा प्रश्नच मिटला, असं पुष्कळ जण म्हणतात. वाफ कमी होते हे खरं आहे. पण जर्मनीतल्या हानोफर इथल्या अपघात-संशोधनात हेल्मेटवर बसलेल्या आघातांची जागावार नोंद झाली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या पट्ट्यावर बसलेले आढळले. धुरकट काचेपासून सुटका मिळवायला जबडा उघडा टाकणं हा सौदा मला पटत नाही, विशेषतः तीच सुटका नाकाजवळच्या एका पडद्याने आणि खाचेवर ठेवलेल्या काचेने बरीचशी मिळत असताना.

मात्र श्वास वळवून सगळं भागतं, असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. वरच्या हिशेबात काच २५ अंशांवर धरली होती. मुसळधार पावसात बाहेरून वाहणारं पाणी तिला हवेच्याच तापमानाच्या जवळ आणतं. ती २३ अंशांवर आली तर तिच्याजवळ साडेवीस ग्रॅमच बाष्प मावतं आणि बाहेरच्या हवेतच साडेएकोणीस आहे. मग श्वासाचा वाटा पंधरातून एकाच्याही खाली ठेवावा लागेल, आणि ते कुठल्याच खिडकीला जमणार नाही. इथे दुसरा मार्ग कामाला येतो, काचेची आतली बाजू उबदार ठेवण्याचा. त्यासाठी काचेच्या आत आणखी एक पातळ काच बसवतात आणि दोन्हींच्या मध्ये हवेचा थर अडकवून ठेवतात. बाहेरच्या काचेचा गारवा त्या थरामुळे आतल्या काचेपर्यंत सहज पोचत नाही. यातलं सर्वांत रुळलेलं नाव नेदरलँड्समधून आलेल्या पिनलॉकचं. मुख्य काचेच्या दोन टोकांना छोट्या खुंट्या असतात, त्यांच्यामध्ये ही आतली काच किंचित वाकवून ताणून बसते, आणि तिच्या कडेने फिरणारी सिलिकॉनची दोरी मधली हवा बंदिस्त करते. आतल्या काचेचं साहित्य थोडं पाणी शोषूनही घेतं. थंडीवारा आणि पाऊस दोन्ही एकदम झेलायचा असेल, तर याच्या तोडीचा उपाय सध्या तरी बाजारात नाही.

त्यावरचे आक्षेपही खोटे नाहीत. एक तर किंमत. असली आतली काच पुष्कळदा एखाद्या साध्या हेल्मेटएवढ्या भावाला पडते, आणि तिच्यासाठी मुख्य काचेला खुंट्या असाव्या लागतात. दुसरं म्हणजे रात्री समोरच्या दिव्याचं एक फिकट जुळं प्रतिबिंब दोन पृष्ठभागांमुळे दिसू शकतं. ज्याला रोज दहा मिनिटं बाजारात जाऊन यायचं आहे, त्याने हा खर्च केला नाही तरी चालेल. पण घरोघरी सामान पोचवणारी मुलं पावसात आठ-दहा तास गाडीवर असतात, कशेडी किंवा आंबा घाटातून नेमाने ये-जा करणारे नोकरदार आहेत, त्यांच्यासाठी हा खर्च टायरच्या खर्चाइतकाच गरजेचा आहे. अशी काच घेतली तर ती नीट बसवायला हवी. सिलिकॉनची दोरी सगळीकडून टेकलेली नसेल तर दोन काचांच्या मध्येच वाफ शिरते आणि ती पुसताही येत नाही. बऱ्याच हेल्मेटांत एका खुंटीला थोडं फिरवून ताण वाढवता येतो. आतली काच मऊ असते, तिला साध्या पाण्याने आणि मऊ ओल्या फडक्यानेच स्वच्छ करावं.

लेपाची पाळी यानंतर येते, आणि तिथेही गोंधळ खूप आहे. गाडीच्या काचेसाठी मिळणारा पाणी झटकून टाकणारा द्रव बरेच जण हेल्मेटच्या काचेला दोन्ही बाजूंनी लावतात. बाहेरून तो ठीक असतो, कारण पावसाचे थेंब वाऱ्याने घरंगळून जातात, फक्त पॉलिकार्बोनेटला चालतो हे बाटलीवर पाहून घ्यावं. आतून मात्र तो उलटा परिणाम करतो, पाण्याला पसरू देत नाही आणि बारीक थेंब अधिकच फुगीर होतात. आतल्या बाजूला पाण्याला पसरवणारं काहीतरी हवं. भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब बोटाने सगळीकडे फिरवून मऊ कोरड्या फडक्याने, डाग दिसेनासे होईपर्यंत पुसला, तर एका फेरीपुरतं काम होतं. दाढीचा फेस किंवा कापलेल्या बटाट्याची फोड फिरवण्याचा घरगुती उपायही याच तत्त्वावर चालतो. पण साबणाचा थर जाड राहिला तर पाण्याबरोबर तो ओघळतो आणि डोळे चुरचुरतात, शिवाय दर दिवशी नव्याने लावावा लागतो. टूथपेस्ट आणि कपड्यांची पावडर काचेवर बारीक चरे पाडतात. पेट्रोल, थिनर किंवा अमोनिया असलेला काच-क्लीनर यांनी तर पॉलिकार्बोनेट दुबळं होतं आणि त्यात तडेही जाऊ शकतात. काही काचांना कारखान्यातच आतून वाफरोधक लेप दिलेला असतो. तो नाजूक असतो, आणि खिशातल्या कोरड्या रुमालाने रोज खसाखसा पुसून आपणच तो घालवतो. धूळ आणि तेलकटपणा यांवर वाफ लवकर जमते, म्हणून काच नुसती स्वच्छ धुतलेली असली तरी थोडा वेळ जास्त टिकते.

श्वासाआधी लेपाचा विचार करण्यातली मर्यादा दाखवणारं उदाहरण थेट अंतराळातलं आहे. ५ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या जेमिनी ९ए यानातून यूजीन सर्नन बाहेर पडले. दोन तासांहून थोडं अधिक चाललेल्या त्या कामात त्यांना इतका घाम फुटला की पोशाखातली थंड हवेची व्यवस्था अपुरी पडली आणि शिरस्त्राणाची काच आतून पूर्ण धुरकटली. नाकाने घासून केलेल्या छोट्याशा मोकळ्या जागेतून ते बाहेर बघत होते, आणि पाठीवर लावायच्या उड्डाणयंत्राची ठरलेली चाचणी शेवटी सोडून द्यावी लागली. पुढच्या मोहिमांत काचेला वाफरोधक द्रव पुसायला सुरुवात झाली, हे खरं. पण नासा तिथे थांबली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी १२ साठी बझ ऑल्ड्रिन यांनी पाण्याखाली सराव केला, धरायला मुठी आणि पायांना आधार वाढवले गेले, मध्ये विश्रांती ठेवली गेली, म्हणजे दमछाक आणि घामच कमी केला गेला. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या पोशाखांत तर थंड पाणी खेळवणाऱ्या नळ्यांचे कपडे आतून आले. द्रव राहिला, पण भरवसा ठेवला गेला तो बाष्पाच्या उगमावर.

हेल्मेटच्या बाबतीत हा उगम सांभाळणं तुलनेने स्वस्त आहे. नाकाजवळचा रबरी पडदा बनवायला कंपनीला फारसा खर्च येत नाही, तो प्रत्येक फुल-फेस हेल्मेटसोबत यायला हवा. भारतात १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, आणि हा नियम योग्यच आहे. पण ‘अँटी-फॉग’ हा शब्द खोक्यावर छापलेला दिसला की गिऱ्हाईक निश्चिंत होतं, तसं होऊ नये. युरोपच्या ईसीई २२ नियमावलीत काच वाफ धरते का, याची चाचणी आहे; तीही उत्पादकाने मागितली तरच होणारी. तिच्यात काच ५० अंशांच्या पाण्यावर धरतात आणि २० सेकंदांत ती धुरकटली नाही तर ती वाफरोधक ठरते. वीस सेकंद टिकणं आणि कल्याण ते मुरबाड पावसातून टिकणं यांत फार अंतर आहे.

म्हणून पैसे मोजण्याआधी दुकानातच हेल्मेट घालून पट्टा लावा, काच पूर्ण बंद करा आणि नाकाने जोरात दहा श्वास सोडा. वाफ कुठून चढते ते बघा. नाकाच्या रेषेत चढत असेल तर पडदा मागा. तो नसेल किंवा नाकावर नीट बसत नसेल तर दुसरं हेल्मेट बघा. मग हनुवटीची खिडकी उघडा, काच पहिल्या खाचेवर आणा आणि ती किती वेळात मोकळी होते ते मोजा. आतून खुंट्या आहेत का, आतली काच वेगळी मिळते का, हेही विचारून घ्या. दुकानदाराने घाई केली तरी ही पाच मिनिटं सोडू नका, आणि हेल्मेटची खरेदी शक्यतो मे महिन्यातच उरकून घ्या.